डी ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे

सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की तुला जाग येते. निळी असते तेव्हा तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीस. मोकळी जागा दहा टक्क्यांच्या खाली गेली की विंडोज पट्टी लाल करतं. याहून मोठ्याने त्याने काय ओरडायचं? आणि तू काय केलंस? रिसायकल बिन रिकामी केलीस. टेम्पमधला चार आण्यांचा कचरा पुसलास. दोन जीबी सुटले, पट्टी लालच राहिली, आणि तू ‘केलं हो बाई साफ’ म्हणून मोकळा झालास. कुणाच्या डोळ्यांत धूळ फेकतोयस? माझ्या? कॉम्प्युटर तुझा, त्यातली कामं तुझी, आणि पुढच्या महिन्यात काही अडकलं की कपाळाला हात लावून बसणाराही तूच.

अडाणी असतास तर मी एक शब्द बोलले नसते. शेजारी बसून सगळं करून दिलं असतं. पण तू दिवसभर कंपनीत दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळतोस. तिथे एखादी डिस्क भरत आली की तुझा फोन वाजतो आणि तू भरल्या ताटावरून उठतोस. आधी परवानगी, मग बॅकअप, बिघडलं तर मागे कसं यायचं त्याचा कागद, सगळं शिस्तीत. घरी येताना हे ज्ञान चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवतोस का? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

‘डिस्कच लहान आहे हो.’ ही तुझी पहिली सबब. असेल लहान. मग? १९५६ साली आयबीएमने रॅमॅक नावाच्या यंत्राबरोबर पहिली हार्ड डिस्क विकायला काढली. चोवीस इंची पन्नास तबकड्या, आणि सगळ्यांत मिळून मावायचं जेमतेम ५ एमबी. तुझ्या मोबाइलमधला एक फोटो. १९८३ चा आयबीएम पीसी एक्सटी १० एमबीची डिस्क घेऊन आला आणि लोकांनी त्यावर धंद्याचे हिशेब ठेवले. तुझ्याकडे ५०० जीबीची एसएसडी आहे. ‘पण दिसतात ४६५ च, पस्तीस जीबी कंपनीने खाल्ले.’ हे तू बोलतोस? हजाराने मोजणं आणि १०२४ ने मोजणं यातला फरक तुला नववीत फळ्यावर मांडून दाखवला होता. विकणारा हजाराने मोजतो, विंडोज १०२४ ने मोजतं, आकडा लहान दिसतो, बाइट एकही कमी झालेला नसतो. हे तुला पक्कं ठाऊक आहे. तरी बोलतोस, कारण दोष दुसऱ्याच्या गळ्यात घालता येतो.

आता या ४६५ जीबीचं तू काय करून ठेवलंयस ते बघू. सी १०० जीबी, त्यात मोकळे ४. डी १२०, मोकळे ३१. ई १२०, मोकळे २२. एफ सव्वाशे, मोकळे ५८. बेरीज कर. ११५ जीबी मोकळे आहेत! घरात धान्य भरलेलं आणि चूल उपाशी. आणि तू सगळ्या जगाला सांगत सुटलायस की जागा संपली. जागा संपलेली नाही. तू ती चार ठिकाणी कोंडून ठेवली आहेस आणि एकही भिंत हलवायची तुझी तयारी नाही.

हे चार ड्राइव्ह आले कुठून? तू ठरवलेस? नाही. दुकानदाराने केले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावातल्या असेंबलवाल्यापर्यंत सगळ्यांची ती रीतच होती: सीमध्ये विंडोज, डीमध्ये काम, ईमध्ये गाणी, एफमध्ये पिक्चर. त्या रीतीला तेव्हा अर्थ होता. विंडोज ९८ आणि एक्सपीच्या काळात व्हायरस शिरला की सी फॉरमॅट व्हायचा, आणि डी वाचायचा म्हणून लोक दुकानदाराला दुवा द्यायचे. शिवाय फिरत्या तबकडीच्या बाहेरच्या कडेला वेग जास्त, आणि डिस्कची सुरुवात तिथूनच. म्हणून पुढचा सी थोडा चपळ चालायचा. एसएसडीत तबकडीच नाही, कड कुठली? आणि विंडोज ८ पासून फायली जागेवर ठेवून विंडोज नव्याने बसवायची सोय आतच आहे. कारणं गेली, रीत राहिली. वर्गीकरणच हवं असेल तर फोल्डर कर. फोल्डरमध्ये फोल्डर करायची सोय १९८३ सालच्या डॉस २.० पासून आहे! तुझ्या जन्माआधीची सोय वापरायला तुला अजून मुहूर्त मिळेना.

माझं मत विचारशील तर एवढ्याशा एकाच एसएसडीवर दोनच्या वर व्हॉल्यूम नकोत. एक असला तरी चालेल. दोन केलेस तर त्याला कारण असावं: विंडोज आणि प्रोग्रॅम एका बाजूला, तुझ्या फायली दुसऱ्या बाजूला, आणि सीला श्वास घेता येईल इतकी जागा. विंडोज ११ किमान ६४ जीबी मागतं, पण किमान म्हणजे पाय ठेवण्यापुरतं. वरून अपडेट येणार, पानांची फाइल (पेजफाइल) वाढणार, तू गेम टाकणार. १०० जीबीचा सी तुला पुरणार नव्हता हे पहिल्याच वर्षी कळलं होतं. कळूनही गप्प बसलास.

बरं, सी मोठा करायच्या आधी त्यात काय आहे ते एकदा बघितलंस का? अंदाज सांगू नकोस. ‘विंडोजच सगळं खातं हो’ हा अंदाज आहे. विझट्री किंवा विनडिरस्टॅट चालव. फुकट आहेत, मिनिटभरात कोण किती खातं ते चौकोनांत मांडून दाखवतात. मी दाखवू तुझ्या डाउनलोड्समध्ये काय निघालं ते? एकाच लिनक्सची एकच आयएसओ फाइल तीनदा, दुसरीच्या नावापुढे कंसात एक, तिसरीच्या पुढे कंसात दोन. उतरवलेली सापडेना म्हणून परत उतरवली, शोधायचा कंटाळा! प्रिंटरचा ड्रायव्हर, तो प्रिंटर भंगारात गेला तरी. सोसायटीच्या सभेची इतिवृत्तं. आत्याच्या मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ, अकरा जीबी, आणि तोच व्हिडिओ डेस्कटॉपवर ‘लग्न फायनल’ नावाने पुन्हा. उघडलास कधी? आणि बायकोच्या आयफोनचा आयट्यून्सने घेतलेला जुना बॅकअप. तो मुकाट सीमध्येच जाऊन बसतो, कुठे ठेवू म्हणून विचारतही नाही. फोन विकला, बॅकअप राहिला. यातलं विंडोजने काय खाल्लं? सांग ना.

विंडोजचंही असतं, नाही म्हणत नाही. हायबरनेशनची फाइल साधारणपणे मेमरीच्या ४० टक्के जागा धरते. तुझ्याकडे १६ जीबी रॅम, म्हणजे सहा-साडेसहा जीबी. घरचा डेस्कटॉप, तू रोज रात्री बंद करतोस, हायबरनेट कधी केलायस? बंद कर ते. फास्ट स्टार्टअपही त्याबरोबर जाईल, एसएसडीवर चार सेकंद उशिरा चालू होईल, तेवढ्याने आभाळ कोसळणार नाही. पण विन-एसएक्सएस नावाचा फोल्डर मोठा दिसतो म्हणून त्याला हात लावलास तर याद राख! तो दिसतो तेवढा मोठा नसतो. त्यातल्या बऱ्याच फायली म्हणजे विंडोजमधल्याच फायलींची दुसरी नावं, आणि एक्सप्लोरर त्या दोनदा मोजतो. त्याची सफाई डिस्क क्लीनअपने किंवा डिस्मने करायची. उजवं बटण आणि डिलीट, हा तुझा लाडका उपाय तिथे चालत नाही.

आता तू म्हणशील, साफसफाई नको, थेट पार्टिशनच वाढवतो. मला माहीत आहे, तू डिस्क मॅनेजमेंट उघडलंस, सीवर उजवं बटण दाबलंस आणि ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ करडं दिसलं. दाबताच येईना. मग काय केलंस? ‘विंडोज बेकार आहे’ म्हणून बंद केलंस. अरे, करडं का आहे हे विचारलंस का स्वतःला? साध्या डिस्कवर विंडोज व्हॉल्यूम वाढवतं ते त्याला चिकटून, उजव्या हाताला, मोकळी पडलेली जागा असेल तरच. स्वयंपाकघर मोठं करायचं तर त्याला लागून असलेली खोली रिकामी हवी. जिन्यापलीकडची खोली रिकामी असून काय उपयोग? तू एफ लहान केलास आणि ती जागा सीला जोडायला निघालास. मध्ये डी आणि ई उभे आहेत, ते तुला दिसत नाहीत? पडद्यावर पट्टी काढून दाखवलेली असते. डावीकडून उजवीकडे वाच. एवढंच करायचं होतं.

आणि बरेचदा डीही मोकळा करून भागत नाही. सी आणि डीच्या मध्ये अर्ध्या-पाऊण जीबीचा एक बारका तुकडा बसलेला असतो: रिकव्हरी. डिस्क मॅनेजमेंट त्याला हलवू देत नाही, पुसू देत नाही. उजवं बटण दाबलं तर नुसतं ‘हेल्प’ दिसतं. ९ जानेवारी २०२४ आठवतो? मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी केबी ५०३४४४१ हे अपडेट सोडलं. विंडोजच्या बिटलॉकर एन्क्रिप्शनला वळसा घालता येईल अशी रिकव्हरीतली फट बुजवायची होती, आणि त्यासाठी त्या तुकड्यात २५० एमबी मोकळी जागा लागत होती. ज्यांचा तुकडा लहान, त्यांच्याकडे अपडेट पडलं, आणि पडद्यावर आला एक मठ्ठ एरर क्रमांक, ज्यावरून जागेचं नावसुद्धा कळत नव्हतं. मायक्रोसॉफ्टने सांगितलं, कमांड चालवून तुकडा स्वतः वाढवा. रिकव्हरी बंद करा, सी २५० एमबीने आवळा, जुना तुकडा डिस्कपार्टने काढा, नवा करा, रिकव्हरी चालू करा. घरोघरीच्या माणसांना हे सांगणं अन्यायाचं होतं, हे मी आजही म्हणते. पण तुला? तुझं तर ते रोजचं काम. तू काय केलंस? अपडेट पॉज केलंस. पॉजची मुदत संपली की परत पॉज. दुखणं अंगावर काढणं म्हणतात याला.

घाईत ज्या खड्ड्यांत पडशील ते आत्ताच ऐक. जुन्या मशीनवर एमबीआर पद्धत असली तर विभागांच्या यादीत चारच नोंदींना जागा. त्यामुळे दुकानदार सी प्रायमरी करायचा आणि डी-ई-एफ एका एक्स्टेंडेडच्या पोटात कोंबायचा. मग डी पुसलास तरी जी जागा सुटते ती त्या पोटातच राहते. पट्टी काळी न दिसता हिरवी दिसते. हिरवी जागा सीला मिळत नाही. किती जणांनी डी पुसून डोकं आपटलंय! तुझं मशीन त्यातलं नाही. जीपीटी आहे, विंडोज तिथे १२८ विभाग करू देतं. तरी खात्री करून घे, डिस्कच्या प्रॉपर्टीजमध्ये लिहिलेलं असतं. आणि कुठे ‘डायनॅमिक डिस्कमध्ये बदलू का’ असा प्रश्न आला तर सरळ नाही म्हण. तो प्रश्न फार गोड दिसतो. हो म्हटलंस की परतीच्या वाटेवर सगळे व्हॉल्यूम पुसावे लागतात. वाचल्याशिवाय ‘यस’ दाबायची तुझी खोड मला चांगली माहीत आहे. परीक्षेतही प्रश्न अर्धा वाचून उत्तर लिहायचास.

तिसऱ्या कुणाचं पार्टिशनचं सॉफ्टवेअर आणायचंय? आण. पण ‘फुकट’ म्हणून उतरवतोस, पट्ट्या ओढून छान चित्र तयार करतोस, आणि ‘अप्लाय’ दाबलं की पैसे मागतं, मग तू कुठूनतरी क्रॅक शोधतोस. तुझ्या सगळ्या डिस्कची किल्ली अशा चोरीच्या प्रोग्रॅमच्या हातात देताना जीव कसा धजतो? बँकेचे कागद त्याच मशीनवर आहेत ना? जीपार्टेड आहे. २००४ पासून आहे. मुक्तस्रोत, फुकट, पेनड्राइव्हवरून चालतं. त्याला डीची सुरुवात डावी-उजवीकडे सरकवता येते, जे विंडोजला येत नाही. पण सरकवणं म्हणजे नुसती रेघ हलवणं नव्हे. त्या व्हॉल्यूममधला सगळा डेटा उचलून दुसरीकडे मांडला जातो, तासन्‌तास. मध्येच वीज गेली तर अर्धं इकडे, अर्धं तिकडे. मग कुणाच्या नावाने बोटं मोडशील?

इथे आपण मूळ दुखण्यावर आलो.

मी विचारलं, बॅकअप आहे का? तू छाती फुगवून म्हणालास, ‘आहे ना. सीमधलं सगळं महत्त्वाचं डीमध्ये कॉपी आहे.’ मला क्षणभर बोलताच येईना. तू, डेटा सेंटरवाला, मला हे सांगतोस? डी कुठे आहे? त्याच एसएसडीवर. त्याच चिपा, तोच कंट्रोलर, तोच सॉकेट, तीच वीज. कंट्रोलर मेला की सी, डी, ई, एफ चौघेही एका क्षणी जातात; अक्षरं वेगळी होती म्हणून डेटा वेगळा होत नाही. विभाजन म्हणजे एकाच डिस्कवर मारलेल्या रेघा, संरक्षण नव्हे. रॅन्समवेअर आलं तर ते काय अक्षर बघून थांबणार आहे? आणि ज्या डीला तू बॅकअप म्हणतोस, सी मोठा करायला तोच डी पुसायला निघाला होतास! म्हणजे मूळ एका हातात, नक्कल दुसऱ्या हातात, आणि दोन्ही हात एकाच वेळी विहिरीवर.

शिवाय एक गोष्ट तुझ्या पिढीच्या पचनी पडत नाही. जुन्या हार्ड डिस्कवरून फाइल पुसली तर रिकव्हरीच्या प्रोग्रॅमने बरेचदा परत यायची, कारण खूण पुसली जायची, मजकूर जागेवर असायचा. एसएसडीवर ट्रिम चालतं. फाइल पुसली की विंडोज डिस्कला सांगतं, या जागा आता नकोत, आणि डिस्क त्या सवडीने खरोखर साफ करून टाकते. तेव्हा ‘गेलंच तर कुणाकडून तरी काढून घेऊ’ ही आशा सोड. मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो कुठे आहेत? एफमध्ये. फक्त एफमध्ये? फक्त एफमध्ये. फोन बदलला तेव्हा ‘कॉम्प्युटरवर आहेत’ म्हणून फोनमधून पुसलेस. जगात त्यांची एकच प्रत आहे आणि तू त्या डिस्कवर कुऱ्हाड चालवायला बसलायस, तेही सीमध्ये गेम मावेना म्हणून.

तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. हे ३-२-१ चं गणित तू कंपनीत पॉवरपॉइंटवर दाखवतोस ना? टाळ्याही घेत असशील. घरी बाहेरची एक डिस्क विकत घ्यायला तुला पैसे जड वाटतात. सहकुटुंब हॉटेलात जेवायला जातोस तेव्हा बिलाकडे बघतही नाहीस, मी बघितलंय. ‘क्लाउडवर टाकेन’ म्हणतोस. कधी टाकणार? वनड्राइव्हचं फुकट खातं ५ जीबीचं, त्यात तुझा एक लग्नाचा व्हिडिओसुद्धा मावत नाही, आणि पैसे भरायचं नाव काढलं की तुझा चेहरा उतरतो. मग उरलं काय? देवावर भरवसा?

घाबरवत नाहीये. काम अवघड नाही. तुझ्यासाठी तर अजिबात नाही. शिस्तीने केलंस तर एका रविवारी आटपतं, आणि अर्धा वेळ नुसती कॉपी होण्याची वाट बघण्यात जातो. पण क्रम बदलायचा नाही. बाहेरची डिस्क लाव, एनटीएफएसमध्ये आहे का बघ. एफएटी ३२ असली तर ४ जीबीवरची फाइल ती घेणारच नाही आणि अकरा जीबीचं लग्न दारातच अडेल. डी, ई आणि एफ तिन्हींतलं सगळं तिच्यावर घाल, सीमधली तुझी कागदपत्रं आणि डेस्कटॉपही. कॉपी म्हटलं मी, कट नव्हे! एकाच ड्राइव्हच्या आतल्या आत फाइल हलवली तर नुसती नोंद बदलते म्हणून चुटकीसरशी होतं. दुसऱ्या डिस्कवर हलवताना विंडोज आधी कॉपी करतं आणि मग इकडचं पुसतं. मध्ये केबल हलली की काय गेलं आणि काय राहिलं हे शोधत बस. कॉपी झाली की फोल्डरांचे आकार जुळव. फायलींची संख्या जुळव. आणि पाच-सात फायली त्या डिस्कवरून, दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून, खरंच उघडून बघ. न उघडलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे, हे वाक्य तुझ्याच तोंडून मी ऐकलंय.

एन्क्रिप्शन चालू आहे का ते बघितलंस? नाही बघितलंस, मला माहीत होतं. विंडोज काही मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की ते आपणहून चालू करतं. विभागांशी खेळलं की पुढच्या वेळी चालू होताना ते ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती खात्यात साठवलेली असते. त्या खात्याचा पासवर्ड कुठे आहे? ब्राउझरमध्ये. ब्राउझर कुठे आहे? त्याच कुलपाआड. शाबास! आधी की काढ, कागदावर लिही, आकडे पुन्हा ताडून बघ, आणि काम होईपर्यंत एन्क्रिप्शन थांबव.

मग चेकडिस्क. हे तुला मी शिकवलं तेव्हा तुला मिसरूडही फुटलं नव्हतं, विसरलास म्हणू नकोस. दुखऱ्या फाइल सिस्टीमवर विभाग लहान-मोठे करणं म्हणजे दुखणं वाढवणं. त्यानंतर ई आणि एफ काढ, डी काढ, मधला रिकव्हरीचा तुकडा असेल तर रिकव्हरी आधी बंद करून मग काढ, आणि सी वाढव. २०० जीबीपर्यंत ने, हात आखडू नकोस. शेवटाला रिकव्हरीसाठी एक जीबी सोडून ती तिथे परत बसव. बाकीचा एकच डी. आणि तू मघाशी ‘श्रिंक’ करताना ‘एवढंच लहान होतं, यापुढे जात नाही’ म्हणून वैतागला होतास, त्याचं कारणही ऐकून ठेव: पानांची फाइल, हायबरनेशनची फाइल, रिस्टोअर पॉइंट यांना विंडोज जागचं हलवत नाही, त्यातलं एखादं जिथे बसलंय तिथेच आवळणं थांबतं. ते तात्पुरते बंद करायचे, रीस्टार्ट करायचं, मग आवळायचं. शिव्या देऊन ते सरकत नाही.

नवा डी झाला की डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स तिकडे न्यायचे. प्रॉपर्टीजमध्ये ‘लोकेशन’ असतं, तिथून. पण आधी डीमध्ये फोल्डर कर आणि तो दाखव. थेट ‘डी’ दाखवलास तर अख्खा ड्राइव्हच डॉक्युमेंट्स होऊन बसतो, आणि तो परत सोडवताना नाकी नऊ येतात. प्रोग्रॅम फाइल्स मात्र ओढून डीमध्ये टाकायचा शहाणपणा करू नकोस. प्रोग्रॅम हलवायचा तर काढून नव्याने बसवायचा. स्टीमचे गेम असतील तर स्टीमला दुसऱ्या ड्राइव्हवर लायब्ररी करता येते, तेवढी सवलत घे.

आणि बाहेरच्या डिस्कवरून परत आणताना सगळं जसंच्या तसं ओतू नकोस. तिथेच तर तुझी खरी परीक्षा आहे. तीन आयएसओ परत आणणार आहेस? मेलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर? ‘कधी लागलं तर’ म्हणून ठेवलेलं तुला आजवर किती वेळा लागलं? लागलं तेव्हा सापडलं का? लागलं तेव्हा तर तू ते परत उतरवलंस, म्हणूनच ते तीन आहेत. तुला जागेची टंचाई नव्हती रे. एकेक फाइल हातात घेऊन ‘ही ठेवायची की नाही’ एवढं ठरवायचा कंटाळा होता, आणि तो कंटाळा लपवायला तुला नवा विभाग, नवं सॉफ्टवेअर, नवी डिस्क हवी होती. निर्णय न घेता हलवाहलव केलीस तर दिवाळीपर्यंत २०० जीबीचा सीही लाल होईल. तेव्हा मला सांगू नकोस.

‘पुढच्या आठवड्यात बघतो’ हे मला चालणार नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि तू अजून त्याच्यावरच बसलायस, कारण ११ बसवायला सीमध्ये जागा नाही. तुझं मशीन ११ ला चालतं, मी बघितलंय. म्हणजे बँकेचे व्यवहार करतोस त्या मशीनला तू दुरुस्त्या बंद करून ठेवल्या आहेस, कारण तुला डाउनलोड्स आवरायचा कंटाळा आला. हे वाक्य तुझ्या कंपनीत तुझ्या साहेबांसमोर मोठ्याने म्हणून बघ. जमेल?

या रविवारी सकाळी बस. शनिवारी डिस्क आण, रिकव्हरी की कागदावर उतरव, बायकोला सांग दिवसभर कॉम्प्युटर मिळणार नाही. आणि टेबलाखाली तो यूपीएस आहे ना, बॅटरी मेली म्हणून बीप करायचा आणि तू बॅटरी बदलायच्या ऐवजी त्याचा भोंगाच बंद केलास? तो मला दिसलाय. आधी त्याची बॅटरी बदल, मग विभागांना हात लाव.